मुलीचा आधी डावा कान

कुंदाताई पोतदारांना किळस फार यायची. पालीची, झुरळाची नव्हे. सोळा वर्षं ज्या बाईने मेलेल्या उंदरांची छाती उघडून त्यातली दोऱ्याएवढी रक्तवाहिनी चिमट्याने सोडवून काढली, तिला पालीचं काय कौतुक! त्यांना किळस यायची ती तुपाची, व्हाइटनरची, उगाच गोड बोलणाऱ्यांची आणि आमच्या सरांची. क्रम रोज बदलायचा, यादी तीच.

"शी" कसं म्हणावं ते त्यांच्याकडून शिकावं. तुटक "शी" म्हणजे कोणीतरी हातमोजे न घालता पिंजऱ्याला हात लावलाय. लांबवलेलं "शीऽऽ" खाण्यापिण्यासाठी. "शिश्शी" माणसांसाठी, आणि तेही पाठीमागे नाही, तोंडावर. याच्याही पलीकडचं काही समोर आलं तर त्या बोलायच्याच नाहीत. ओढणी नाकाला लावायच्या आणि खोलीबाहेर जायच्या. हे मी पाच वर्षांत एकदाच पाहिलं.

आमची संस्था ठाण्यात. तिसऱ्या मजल्यावर लॅब, आणि गच्चीखालच्या मजल्यावर उंदीरघर. मी डोंबिवलीहून पीएचडीसाठी तिथे रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी कारखानीस सरांनी मला वर पाठवलं. दार उघडलं आणि मुताचा, भुश्याचा आणि तुपकट खाद्याचा असा काही भपका आला की मी तिथेच तोंड दाबून उभी राहिले. आत एक ठेंगणी, पन्नाशीकडे झुकलेली बाई जाड चष्म्यातून एका उंदराकडे बघत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"ओकायचं असेल तर उजवीकडे बेसिन आहे. ओकून झालं की हात धू आणि ये. आज कान टोचायचेत."

त्या कुंदाताई.

लॅबच्या उंदरांना नावं नसतात, नंबर असतात, आणि ते कानात असतात. कानाच्या कडेला वर, मध्ये किंवा खाली एक बारीक भोक पाडायचं. वरचं एक, मधलं दोन, खालचं तीन. एक कान एकं, दुसरा दशकं. तेवढ्यावर तो जीव जन्मभर ओळखायचा. पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर फक्त जन्मतारीख आणि खाणं. कोणत्या उंदरात काय आहे आणि काय काढून टाकलंय याची यादी सरांच्या कपाटात, नंबरांप्रमाणे. म्हणजे कान चुकला की सगळंच चुकलं.

कुंदाताईंचे वडील सोनार. टेंभी नाक्याजवळ त्यांची हातभर दुकानाची जागा होती, आणि ठाण्यातल्या निम्म्या मुलांचे कान त्यांनी टोचलेले, असं त्या अभिमानाने सांगायच्या. आणि हात तसाच आलेला. बोटांत उंदीर असा धरायच्या की तो बिचारा वळवळायचंही विसरायचा. टोचलं की कानावर एक फुंकर घालायच्या. मी म्हटलं, ताई, फुंकर कशाला? तर म्हणाल्या, "बाबा घालायचे. सोनाराने कान टोचावेत म्हणतात ते उगीच नाही. लोहाराला टोचता येतात गं, फुंकर घालता येत नाही."

आमचं काम काय होतं ते मला सरांनी तासभर पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं होतं. कळलं ते कुंदाताईंमुळे. दुपारी डब्यातली ज्वारीची भाकरी कोरडीच चावत त्यांनी सांगितलं.

"रक्तात चरबी फिरते, बरोबर? पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक रिसेप्टर असतो. दाराची बेल समज. चरबीतलं आम्ल येतं आणि बेल वाजवतं. बेल वाजली की पेशी धावते, चरबी गिळते, गिळते, फुगते, आणि तिथेच धमनीच्या भिंतीत मरून पडते. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी. तो थर. तोच तुझ्या वडिलांना, माझ्या नवऱ्याला एक दिवस अँजिओप्लास्टीला नेतो. आता सरांनी काही उंदरांमधून ती बेलच काढून टाकलीय. बाकीच्यांत ठेवलीय. सगळ्यांना तुपकट खायला घालायचं आणि बघायचं, बेल नाही तर थर कमी होतो का."

"मग होतो का?"

"मला काय विचारतेस? ते अजून खातायत."

उंदरांना खायला घालण्याचं काम भोईरमामांचं. ते आंबिवलीहून यायचे, गावात थोडी जमीन राखून होते, आणि या सगळ्या प्रकाराकडे मजेने पाहायचे. "आमचे गावान उंदराला पिंजऱ्यान पकरून मारतान," ते म्हणायचे, "इथं पिंजऱ्यान ठेवून तूप चारतान. येवराच फरक." कुंदाताई म्हणायच्या, फरक आहे मामा, तुमच्या गावचा उंदीर मरताना उपाशी असतो.

धमनी उघडायची, काळ्या मेणावर बारीक पिनांनी सपाट टाचायची आणि लाल रंगात बुडवायची. जिथे चरबी बसलेली असेल तिथे रंग धरतो. धुतल्यावर पांढऱ्या पट्टीवर लाल डाग उरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते सुंदर वाटलं आणि मी तसं बोलूनही गेले. कुंदाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत कधी तो शब्द वापरला नाही. त्यांना त्या डागांचा मनापासून तिटकारा होता. सोळा वर्षं रोज ते बघून त्यांनी घरातलं तूप बंद केलेलं, तळण बंद केलेलं, आणि पुरणपोळीवर दूध घेऊन त्या सासरच्यांची बोलणी खायच्या. भोईरमामांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे आंबिवलीला गेलेलो. मांडवात जिलेबीची कढई. बाकीचे पानाकडे वळले आणि ही बाई कढईपुढे उभी. आचारी खूश झाला, त्याला वाटलं कौतुक चाललंय. कुंदाताई थंडपणे म्हणाल्या, "शीऽऽ. हे सगळं उद्या भिंतीला लागणार." आचाऱ्याने बिचाऱ्याने मागच्या भिंतीकडे वळून पाहिलं.

दुसरी किळस व्हाइटनरची. उंदरांची वजनं दर आठवड्याला घ्यायची आणि एका जाड रजिस्टरात लिहायची; कान वाचून नंबर नेहमी कुंदाताईच सांगायच्या. ते रजिस्टर म्हणजे कुंदाताईंची पोथी. एकदा मी तिसाचे तेवीस लिहिले आणि घाईत वर व्हाइटनर फासला. त्यांनी ते पान माझ्यासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"चुकलं होतं, ताई."

"मग चुकलं ते दिसू दे की! एक आडवी रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर लिही, सही कर, तारीख टाक. चुकण्याची लाज नसते गं, चुकलेलं झाकायची असते. शिश्शी, तोंड न धुता पावडर फासल्यासारखं."

ती पहिली "शिश्शी" माझ्या वाट्याची. पण त्यानंतर तासभर बसून त्यांनी मला आकडे कसे काढायचे ते शिकवलं. इंग्रजी आकड्यांत एक आणि सात यांचा घोटाळा होऊ नये म्हणून साताच्या पोटात आडवी दांडी. चाराचं तोंड उघडं, नवाचं बंद. महिन्याभरात माझे आकडे इतके त्यांच्यासारखे झाले की भोईरमामांना कोणी काय लिहिलंय ते ओळखू येईना. याचा मला अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकते.

आता सर. कारखानीस सर दिसायला देखणे, शर्टाला घडी मोडलेली कधी नाही, बोलणं साखरेत घोळलेलं. जेवून आले की लॅबमध्ये यायचे, पिपेटच्या, म्हणजे थेंब मोजायच्या नळीच्या, निर्जंतुक केलेल्या प्लास्टिकच्या टोकांचा डबा उघडायचे, एक टोक उचलून त्याने दात कोरायचे आणि डबा उघडाच ठेवून जायचे. कुंदाताई मागाहून तो अख्खा डबा कचऱ्यात ओतायच्या. रजिस्टर चाळताना सर बोटाला थुंकी लावायचे. उंदीरघरातलं रजिस्टर! कुंदाताईंनी टेबलावर ओल्या स्पंजची डबी ठेवून पाहिली, जशी पोस्टात असते तशी. सर डबी बाजूला सरकवून बोट चाटायचे. मला आठवलं तरी अजून जीभ कडू होते.

सरांचा आवडता शब्द "स्टोरी". आकडे कुठलेही दाखवा, ते विचारायचे, "हो, पण आपली स्टोरी काय?" एकदा कुंदाताई समोरच होत्या. म्हणाल्या, "सर, वजन विचारा, वजन सांगते. स्टोरी ऐकायची तर कीर्तनाला जावं लागेल." सर हसले. सर नेहमी हसायचे. मनात ठेवायचं असलं की जास्तच.

आणि कुंदाताईंना सरांची गरज होती. सोळा वर्षं त्या तात्पुरत्या होत्या. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी, मग परत अकरा महिने. दर वेळी सरांची सही. नवऱ्याची डोंबिवली एमआयडीसीतली कंपनी बंद पडलेली, घर त्यांच्यावरच. त्या वर्षी संस्थेत एक कायम जागा निघाली होती, बहुतेक त्यांच्या वयाला बसणारी शेवटचीच. मुलाखतीच्या समितीवर सर होते. त्या जागेबद्दल त्या फारसं बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "कायम झाले ना, तर तो एक दिवस घरी बसायचा असतो तो बसणार नाही. तेवढंच."

त्याच वर्षी त्यांच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला. ऑपरेशन पुढे ढकलण्यासारखं नव्हतं. आणि उंदीर मारायची तारीख तर पुढे ढकलताच येत नाही, खाण्याचे आठवडे मोजलेले असतात. त्या दोन आठवडे घरी राहिल्या आणि तेवढ्यात मी ते काम उरकलं. उंदीर मारले, शेवटची वजनं घेतली, धमन्या काढल्या. कान वाचले. भिंतीवर जुना तक्ता चिकटवलेला होता, कोणीतरी इंग्रजीत काढलेला, उंदराच्या तोंडाच्या चित्रासकट: उजवा कान एकं, डावा कान दशकं. मी तक्त्याकडे बघून एकेक नंबर माझ्या शीटवर उतरवला.

निकाल आला तो असा. नरांमध्ये काहीच फरक नाही. माद्यांमध्ये मात्र चमत्कार! ज्यांच्यात रिसेप्टर नाही त्यांच्या धमन्या जवळजवळ स्वच्छ. ज्यांच्यात आहे त्या लालभडक. नऊ माद्या. नऊ माद्यांच्या जोरावर सरांनी आठवड्याभरात परिषदेला सारांश पाठवला, संस्थेच्या प्रमुखांना सांगितलं, पेढे मागवले. "फक्त बायकांमध्ये! काय स्टोरी आहे!" ते मला म्हणाले, आणि माझं नाव दुसरं लागेल असंही म्हणाले. मी डोंबिवलीला गेले ती तरंगतच.

कुंदाताई काळा चष्मा लावून परत आल्या. पेढा घेतला नाही. माझं शीट मागितलं, रजिस्टर उघडलं आणि दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवायला लागल्या. मग थांबल्या.

"मेघना, ही एकवीस नंबर. मेली तेव्हा एवढी जाड होती?"

"हो. चांगली गुबगुबीत."

"माझी एकवीस मरतुकडी होती. तिला ढेकूण म्हणायचे मी. मेली त्याच्या आधीच्या आठवड्यातलं वजन बघ." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. खरंच, रजिस्टरातली एकवीस किडकिडीत, माझ्या शीटवरची जाडजूड. आणि बारा नंबरचं उलटं. तेरा आणि एकतीस यांचीही अदलाबदल. तेवीस आणि बत्तीस यांचीही. सहा माद्यांनी एका आठवड्यात एकमेकींची वजनं घेतली होती. अकरा, बावीस आणि तेहतीस तेवढ्या जागच्या जागी.

"कान कसे वाचलेस?"

मी तक्त्याकडे बोट केलं. त्या तक्त्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सोळा वर्षं तो तक्ता तिथे होता आणि त्यांनी तो कधी वाचलाच नव्हता, कारण गरज नव्हती. त्यांना हे काम शिकवणाऱ्या जुन्या गृहस्थांनी तोंडी सांगितलं होतं: आधीचा कान एकं, नंतरचा दशकं.

"आधीचा," त्या म्हणाल्या. "मुलाचा आधी उजवा. मुलीचा आधी डावा." आणि मग, अगदी हळू, "शी."

ती स्वतःसाठी होती.

सोनाराच्या दुकानात वाढलेल्या मुलीला "आधीचा कान" म्हटल्यावर दुसरं काय कळणार? मुलाचा आधी उजवा टोचतात, मुलीचा आधी डावा. सोळा वर्षं त्यांनी नरांना उजवीकडून आणि माद्यांना डावीकडून नंबर घातले, आणि स्वतःच तसे वाचले. टोचणारी तीच आणि वाचणारीही तीच, म्हणून कधी काही बिघडलं नाही. त्या एकदा रजेवर गेल्या आणि मी तक्त्याप्रमाणे वाचलं. बाराची एकवीस झाली. आम्ही दोघींनी बसून नंबर सुलटे केले, सरांची यादी लावली, आणि चमत्कार संपला. जाड, बारीक, लाल, स्वच्छ, सगळ्या दोन्हीकडे सारख्याच. बेल असो वा नसो, थर तेवढाच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढंच ते होतं.

मला वाटलं आता त्या घाबरतील. त्यांनी रजिस्टर काखेत मारलं आणि म्हणाल्या, "चल. सरांना सांगून टाकू, परिषदेला अजून वेळ आहे." जणू काही सिलिंडरचा नंबर लावायचा राहिलाय.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. खुर्ची दिली, चहा विचारला.

"अहो कुंदाताई, उंदराच्या कानात कोण बघायला जाणार आहे?"

"मी जाते ना. तेच काम आहे माझं."

"उंदीर तर जाळून झाले. आता कान तरी आहेत का?"

"कान नाहीत. वजनं आहेत."

सरांनी बोट चाटून रजिस्टरचं पान उलटलं. "मग असं करू. त्या शेवटच्या महिन्यात वजनकाटा बिघडला होता, अशी एक नोंद करा. जुन्या तारखेने. म्हणजे वजनांचा प्रश्नच मिटला."

"काटा बरोबर होता, सर. मी बरोबर नव्हते."

हे वाक्य त्या इतक्या साधेपणाने बोलल्या की मला खाली बघावंसं वाटलं. सर हसायला लागले. "सोनारानेच कान टोचले म्हणायचे! बरं, तुमची मुलाखत पुढच्या महिन्यात ना? मी आहेच समितीवर. अशा वेळी स्वतःच्या हाताने स्वतःची चूक कशाला लिहून ठेवता? मी तुमच्याच भल्याचं सांगतोय." आणि खिशातून पिपेटचं टोक काढून त्यांनी दाढेत घातलं.

कुंदाताई उठल्या. ओढणी नाकाला लावली आणि एक शब्द न बोलता बाहेर गेल्या. मी मागून गेले तोवर त्या उंदीरघरात पोचल्या होत्या. रजिस्टर उघडून माद्यांच्या पानाखाली लिहीत होत्या: माद्यांचे कान मी डावीकडून टोचले, ते तक्त्याप्रमाणे उजवीकडून वाचले गेले, सहा नंबर उलटे धरावेत, चूक माझी. खाली सही, तारीख. शीटवर माझ्याकडून प्रत्येक चुकीच्या नंबरावर आडवी रेघ मारून घेतली. "खालचं वाचता आलं पाहिजे," म्हणाल्या.

दोन दिवसांनी सरांनी मला बोलावलं. ते कधी आवाज चढवत नसत. म्हणाले, "मेघना, ते रजिस्टर फार मळलंय गं. नवीन वहीत उतरवून काढ. माद्यांची वजनं शीटला जुळतील अशी घे. शीट पण एक स्वच्छ कर. आणि तुझ्या थिसिसचं काय, दिवाळीपर्यंत सही करून टाकू ना?"

मी उतरवून काढलं.

पाच वर्षं गेली होती, घरी लग्नाचं चाललं होतं, सरांच्या सहीशिवाय मी कोणीच नव्हते, आणि मी नाही तर दुसऱ्या कोणी केलंच असतं. ही कारणं मी इतकी वर्षं तोंडपाठ म्हणतेय आणि दर वेळी मला माझी ओकारी येते. तीन दिवस बसून मी ती वही लिहिली. माद्यांची सगळी वजनं बदलली, आठवड्या-आठवड्याची. साताच्या पोटात दांडी, चाराचं तोंड उघडं, नवाचं बंद. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात त्यांची "कुं. पो." अशी सही असायची. तीही केली. पानाखालचा मजकूर तेवढा गाळला. जुनं रजिस्टर आणि जुनं शीट मेलेले उंदीर जाळायला नेतात त्या पिवळ्या पिशवीत घालून भोईरमामांना दिलं. त्यांनी पिशवीचं तोंड उघडून पाहिलं आणि विचारलं, "बाय, ही वही पन जालाची हाय?" मी हो म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

इकडे कुंदाताईंना वाटत होतं की लिहून ठेवलंय म्हणजे झालं. सर ऐकत नाहीत म्हटल्यावर त्या सरळ संस्थेच्या प्रमुखांकडे गेल्या, आणि त्यांनी रजिस्टर मागवलं. मला आणि सरांनाही बोलावलं. प्रमुखांनी शांतपणे पानं चाळली, शीटशी ताडून पाहिली. म्हणाले, "पोतदार बाई, इथे तर सगळं जुळतंय. तुम्ही म्हणता तशी नोंदही कुठे दिसत नाही. अक्षर तुमचंच आहे ना?"

कुंदाताईंनी वही जवळ ओढली. चष्मा वर केला आणि नवीन डोळ्याने आकडे बघायला लागल्या. फार वेळ बघत होत्या. मला माहीत होतं, त्या पहिल्या साताशीच ओळखणार. माझ्यासमोर टेबल होतं, त्यावर पाण्याचा ग्लास होता, मी ग्लासाकडे बघत होते. त्या माझं नाव घेतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी ते घेतलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "अक्षर माझं नाही. पण ते मला सिद्ध करता येणार नाही. मीच शिकवलंय."

एवढं बोलून त्यांनी वही मिटली. प्रमुखांना काही कळलं नाही. सर हसले.

मुलाखतीला त्या गेल्या. घेतलं दुसऱ्याला. चालू ऑर्डर संपली, एक दिवस घरी बसल्या, आणि पुढची ऑर्डर आलीच नाही. आमचा लेख छापून आला, माझं नाव दुसरं. दिवाळीपर्यंत सरांची सहीही झाली. उंदीरघरातल्या त्यांच्या कपाटात चहाचा कप आणि डोळ्यात घालायच्या थेंबांची अर्धी बाटली राहिली होती. भोईरमामा ते पोचवायला कोपरीला त्यांच्या घरी गेले, मी गेले नाही. मामा परत आले आणि त्या दिवसापासून मला "बाय" म्हणायचे बंद झाले. मॅडम म्हणायला लागले.

मी आता एका औषध कंपनीत आहे. गेल्या वर्षी कंपनीने सगळ्यांच्या रक्ततपासणीचा फतवा काढला. डोंबिवली पूर्वेला, फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक सेंटर आहे, तिथे सकाळी उपाशीपोटी जायचं होतं. आत सहा खुर्च्या, भिंतीला पंखा, पडद्याआड रक्त घेणारी बाई. माझा नंबर आला, मी पडदा बाजूला केला. कुंदाताई.

केस पिकलेले, चष्मा पातळ झालेला. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. इतकी वर्षं मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांनी ओरडावं असं वाटत होतं. निदान "शिश्शी" तरी म्हणावं.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "बारा तास उपाशी आहात ना तुम्ही?"

"ताई…"

"चहा-बिहा काही घेतला नाहीत ना?"

"नाही."

"बाही वर करा. मूठ आवळा. हं, सोडा."

मला कळलंही नाही कधी सुई आत गेली. हात तोच होता. त्यांनी कापसाचा बोळा दाबून दिला, नळी हातात घेऊन हळूच उलटीसुलटी केली आणि लेबल लिहायला पेन उचललं. भिंतीवर पाटी होती, नाव पेशंटलाच विचारून लिहावं म्हणून. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं.

"पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. त्या एकेक अक्षर लिहीत गेल्या. मग पेन थांबवून त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. समोर बसलेल्या कुठल्याही बाईकडे बघावं तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

"नावाआधी डॉक्टर लावता ना तुम्ही? लावू का?"

"नको," मी म्हटलं.

"बरं," म्हणून त्यांनी लेबल नळीवर चिकटवलं, नळी स्टँडमध्ये ठेवली आणि पडदा बाजूला करून बाहेर हाक मारली, "पुढचे कोण आहेत?"